मुखत्यार कोणाचा?

सरकारी नोकरीत शिरणाऱ्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच मरणाची आठवण करून दिली जाते. उपदान, गटविमा, निवृत्तिवेतन योजना, प्रत्येकासाठी नामनिर्देशनाचा एकेक नमुना त्याच्यापुढे येतो आणि त्यात एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला असतो : आपल्या मागे ही रक्कम कोणास द्यावयाची? पंचविशीतला उमेदवार तो प्रश्न वाचून किंचित हसतो, आईचे वा पत्नीचे नाव लिहितो, हिश्श्याच्या रकान्यात 100 हा आकडा घालतो आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन कागद परत करतो. तो कागद सेवापुस्तकात जाऊन बसतो. एका केंद्रीय खात्यात कारकुनी करीत असल्यामुळे अशी पुष्कळ सेवापुस्तके माझ्या हातांखालून गेली आहेत. मरणाची तरतूद त्या प्रत्येकात असते. परंतु ज्या अवस्थेत माणूस जिवंत असतो, जेवतो, झोपतो, क्वचित हसतोही, आणि तरीही स्वतःचा व्यवहार स्वतः पाहू शकत नाही, त्या अवस्थेसाठी एकही रकाना कोठे नसतो.

‘माझ्या मागे’ असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा आपल्या मनात मृत्यूनंतरचा काळ असतो. परंतु माणूस हयात असतानाच त्याच्या ‘मागे’ काही उरावे, अशीही वेळ येते. पक्षाघाताचा झटका येतो, अपघातात डोक्याला मार लागतो, किंवा स्मृतिभ्रंशाचा रोग वर्षानुवर्षे हळूहळू पोखरीत जातो. शरीर मागे राहते, नाव मागे राहते, बँकेतले खाते मागे राहते. मात्र ज्याने सही करावयाची तो नाहीसा झालेला असतो. अशा वेळी आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आपण शुद्धीवर असताना ठरवून ठेवावे काय. आणि ठरविले तर त्या माणसाने नेमके कोणाचे ऐकावे, हा या लेखाचा विषय आहे. पहिला प्रश्न व्यवहाराचा वाटतो व दुसरा तत्त्वज्ञानाचा. माझ्या मते दुसऱ्याचे उत्तर दिल्यावाचून पहिल्याचे उत्तर पुरे होत नाही.

व्यवहाराची बाजू प्रथम पाहू. आपल्याकडे या कामी तीन कागद सर्वांच्या परिचयाचे आहेत : नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र. यांपैकी पहिले दोन माणसाच्या मृत्यूनंतर बोलू लागतात. तोपर्यंत ते मुके असतात. तिसरा कागद हयातीत चालतो, आणि म्हणूनच पुष्कळांची अशी समजूत असते की, पत्नीच्या वा मुलाच्या नावे एक मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे पुढची चिंता मिटली. ही समजूत खरी नाही. भारतीय करार अधिनियम 1872 सालचा आहे. त्याच्या 201 व्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, मालक अथवा प्रतिनिधी यांपैकी कोणी मरण पावल्यास किंवा विकलमनस्क झाल्यास प्रतिनिधित्व संपुष्टात येते. म्हणजे छत्रीची मूठ हातात द्यावयाची आणि पाऊस सुरू होताच कापड काढून घ्यावयाचे, असाच हा प्रकार झाला. ज्या दिवशी मुखत्याराची खरी गरज निर्माण होते, त्याच दिवशी त्याचा अधिकार संपतो.

कायद्याला दोष देण्यापूर्वी त्यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. मुखत्यार हा मालकाचा लांब केलेला हात आहे, अशी जुनी कल्पना. हात जे करतो ते मनाच्या आज्ञेने. मालकाला वाटेल त्या क्षणी तो आज्ञा मागे घेऊ शकतो, म्हणून त्या हातावर विश्वास टाकणे सुरक्षित असते. मनच गेले तर आज्ञा कोण देणार आणि चुकलेल्या हाताला आवरणार कोण? या युक्तिवादात दम आहे. इंग्लंडातील न्यायालयांचीही भूमिका दीर्घकाळ हीच होती. तथापि तेथे 1985 साली कायदा करून, मालकाची समज गेल्यावरही टिकून राहील असे मुखत्यारपत्र शक्य करण्यात आले आणि 2005 च्या मानसिक क्षमतेच्या कायद्याने त्याला अधिक व्यापक रूप दिले. त्यात मालमत्तेसाठी एक व आरोग्य-निर्वाहासाठी दुसरे, अशी दोन वेगळी पत्रे करता येतात आणि ती सरकारी कार्यालयात नोंदवावी लागतात. लांब केलेल्या हाताची कल्पना तेथे मागे पडली. विश्वासाने ठेवलेल्या माणसाची कल्पना पुढे आली.

आपल्याकडे ही वाट तुकड्यातुकड्यांनी चालली आहे. 1987 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयामार्फत व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली. नव्या कायद्याने रुग्णाला मोठा मान दिला : प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आपल्या मानसिक आजारात कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. परंतु ती सोय उपचारांपुरती आहे. मालमत्तेचे प्रकरण नव्या कायद्यात आले नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे. त्यात पालकाने त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्याबरोबर विचारविनिमय करून, ठराविक निर्णयापुरते व ठराविक काळापुरते साहाय्य करावे, अशी कल्पना आहे. मात्र पूर्ण बेशुद्धीत पडलेल्या माणसाशी विचारविनिमय कसा करावयाचा? 2019 साली केरळ उच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले, तेव्हा अशा रुग्णासाठी पालक नेमण्याचा कायदाच अस्तित्वात नाही असे नमूद करून न्यायालयाने संविधानाच्या 226 व्या अनुच्छेदाखालील आपल्या अधिकारात काही मार्गदर्शक नियम घालून दिले. म्हणजे नवऱ्याच्या औषधाचे बिल नवऱ्याच्याच ठेवीतून भागविण्यासाठी बायकोला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, अशी स्थिती आहे.

बँकेत संयुक्त खाते असेल आणि ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना असेल, तर रोजचा खर्च निभावतो. हात थरथरतो म्हणून सही जमत नसेल, तर बँकेच्या एका जबाबदार अधिकाऱ्यासह दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घेण्याची सोयही रिझर्व्ह बँकेने करून दिली आहे. पण अंगठा हा सहीला पर्याय आहे; संमतीला पर्याय नाही. एकट्याच्या नावावरची मुदतठेव, गावाकडची जमीन, पुण्याच्या उपनगरात हप्त्यांवर घेतलेली सदनिका, यांपुढे अंगठा थांबतो.

पूर्वी हा प्रश्न इतका उघडा पडत नसे. एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष असे. त्याची दृष्टी अधू झाली, स्मृती ढळली, की धाकटा भाऊ वा थोरला मुलगा न सांगता कारभार हाती घेई. म्हातारा ओसरीवर बसे, आल्यागेल्याला विचारपूस करी, आणि कारभार आपणच पाहतो आहोत अशा समजुतीत त्याचे दिवस जात. त्या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे नाही. विधवांची व धाकट्या भावंडांची जी दशा पुष्कळ घरांत होई, ती आपल्या आजीपणजीच्या आठवणींतून आपणांस ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट खरी की, समज गेलेल्या माणसाची जागा रिकामी राहत नसे.

आपल्यासारख्यांच्या घरात ती ओसरी नाही. दिल्ली, हैदराबाद, कलकत्ता, भोपाळ अशा ठिकाणी सरकारी निवासस्थानात चौघांचा संसार. भाऊ साताऱ्याला, बहीण ठाण्याला, वृद्ध आईवडील अर्धे वर्ष इकडे आणि अर्धे तिकडे. मुलगा शिकून परदेशी जाण्याच्या तयारीत. शेजारी तमिळ, समोर बंगाली. माणसे प्रेमळ, पण घरच्या ठेवी-कर्जांची त्यांना कल्पना नाही, आणि असण्याचे कारणही नाही. अशा घरातील कमावत्या माणसाची समज एका रात्रीत गेली, तर त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे आपोआप ठरत नाही. पत्नी म्हणते माझा. भाऊ म्हणतो जमीन वडिलार्जित, तेव्हा तिच्यापुरता माझा. मुलगा दूरध्वनीवरून सांगतो, काहीही करण्यापूर्वी मला विचारा. तिघांचेही प्रेम खरे असू शकते. आणि ज्याने एका वाक्यात हा प्रश्न मिटविला असता, तो खाटेवर छताकडे पाहत पडलेला असतो.

तेव्हा नेमणूक करावी हे उघड आहे. आता दुसऱ्या, अधिक खोल प्रश्नाकडे वळू. मुखत्यार हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ ‘निवडलेला’ असा आहे, आणि त्याच शब्दाला ‘स्वतःच्या मर्जीचा धनी’ असाही अर्थ आहे; ‘खुदमुखत्यार’ हा शब्द त्यातूनच येतो. दुसऱ्याने निवडलेला आणि स्वतःच्या मर्जीचा, हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदावेत, यात या कामाची सगळी अडचण आली आहे. मराठी राज्यात हुद्देदाराच्या वतीने कारभार पाहणाऱ्यास मुतालिक म्हणत. मालक दूर असला तरी तो कोठे तरी होता. त्याला पत्र धाडता येई, त्याची मर्जी विचारता येई. समज गेलेल्या माणसाच्या मुखत्याराला मात्र अशी सोय नाही. त्याचा धनी समोरच्या खुर्चीत बसलेला आहे आणि तरीही त्याला विचारता येत नाही. किंवा विचारता येते, आणि तो उत्तरही देतो; पण ते उत्तर पूर्वीच्या धन्याचे नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक निवृत्त शिक्षक आहेत. देवधर्म, कर्मकांड यांवर त्यांनी आयुष्यभर टीका केली. विद्यार्थ्यांना बुद्धिवाद शिकविला. शुद्धीवर असताना त्यांनी लिहून ठेवले की, माझ्या आजारपणात माझ्या उशाशी पोथ्या, भजने यांपैकी काही नको. पुढे स्मृतिभ्रंश झाला. मुलांची नावे गेली, पुस्तके गेली. आता शेजारच्या काकू संध्याकाळी अभंग म्हणू लागल्या की हे गृहस्थ शांत होतात, हाताने ठेका धरतात, रडणे थांबते. त्यांनी नेमलेल्या मुखत्याराने काय करावे? काकूंना थांबवावे, की लिहिलेला कागद बाजूला ठेवावा?

अमेरिकन तत्त्वचिंतक रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी 1993 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ्स डोमिनियन’ या ग्रंथात अशाच प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचा कौल पूर्वीच्या माणसाच्या बाजूने आहे. माणसाच्या आयुष्याला त्याने स्वतः एक घडण दिलेली असते. सुखदुःखाच्या क्षणिक अनुभवांपेक्षा त्या घडणीशी सुसंगत राहणे हे त्याच्या अधिक मोठ्या हिताचे, म्हणून समज असतानाचा त्याचा शब्द पाळावा, असा त्यांचा आशय. याला विरोध करणारे म्हणतात की, समोर बसलेला, हसणारा, भिणारा जीव हाच आता हिताहिताचा धनी आहे. जो उरलाच नाही त्याच्या हट्टासाठी जो आहे त्याला दुःख देणे हे क्रौर्य होय.

या वादाच्या मुळाशी जुनाच प्रश्न आहे : तो आणि हा एकच काय? इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने माणसाचे एकपण जाणिवेच्या, विशेषतः आठवणीच्या, सलगतेवर बसविले. ते मानले तर स्मृती गेलेला माणूस हा जवळजवळ परकाच ठरतो आणि पूर्वीच्याला त्याच्यावर आज्ञा करण्याचा अधिकार राहत नाही. आपल्याकडील ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत देतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच म्हणता येत नाही. पण दिवा दुसरा आहे असेही म्हणता येत नाही. मला हा दृष्टांत लॉकच्या सिद्धांतापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो. कारण मुखत्याराचे काम नेमके या ‘तोही नाही आणि दुसराही नाही’ अशा माणसाशी असते. ज्योत बदलली म्हणून तिला जपण्याची जबाबदारी संपत नाही. आणि पहिल्या प्रहरी ती उंच जळत होती म्हणून शेवटच्या प्रहरी तिने तशीच जळावे असा आग्रहही धरता येत नाही.

यावरून मला असे वाटते की, पूर्वीचा माणूस आणि आताचा माणूस यांच्यात अधिकारांची वाटणी केली पाहिजे. आजचे सुख, आजची भीती, आजची भूक यांवर आताच्या माणसाचा हक्क आहे. काकूंचे अभंग त्या शिक्षकाला शांत करीत असतील तर ते चालू द्यावेत. त्या कागदावरचे वाक्य ज्याने लिहिले त्याला हे रडणे ठाऊक नव्हते. परंतु ज्या गोष्टी त्याने आयुष्यभर जोडल्या, म्हणजे दिलेली वचने, मानलेली तत्त्वे, मिळविलेले नाव, त्यांवर पूर्वीच्या माणसाचा हक्क अबाधित राहतो. म्हणून अभंग ऐकू देणाऱ्या त्याच मुखत्याराने, ‘शेवटी गुरुजींना देव आठवला बरे’ असे म्हणणाऱ्याला ठामपणे सांगितले पाहिजे की, तसे काही नाही. त्यांना सूर आवडतो, त्यांचे मत तेच आहे. तसेच, विधवा बहिणीच्या मुलाचे शिक्षण पुरे करीन असे गुरुजींनी वचन दिलेले असेल आणि आता, सगळे आपल्याला लुबाडीत आहेत अशा भ्रमाने, ते एक पैसाही देऊ नका म्हणत असतील, तर मुखत्याराने पैसे पाठवावेत. भ्रमापोटीची भीती गोड बोलून शांत करावी. वचन मात्र पाळावे.

ही वाटणी सर्व ठिकाणी सरळ बसेल असे मी म्हणत नाही. जन्मभर निष्ठेने माळ घालणाऱ्या माणसाने विस्मृतीत शेजाऱ्याच्या ताटातील मांसाहार मागितला, तर? ते आजचे सुख म्हणावे, की आयुष्यभराच्या व्रताचा भंग? माझे मत असे की, मुखत्याराने ते ताट पुढे होऊन आणू नये; दुसरे आवडीचे काही देऊन वेळ निभावावी. नकळत त्याने काही खाल्ले असेल, तर त्याची लाज त्या माणसाच्या पदरात बांधू नये. व्रत ज्याने घेतले तो ते मोडण्यास हजरच नव्हता. असे प्रश्न नियमांनी सुटत नाहीत. ज्याला त्या माणसाची दोन्ही रूपे ठाऊक आहेत आणि दोन्हींविषयी माया आहे, त्याच्या विवेकानेच ते सुटतात. म्हणूनच नुसता कागद पुरत नाही, माणूस लागतो. आणि नुसता माणूसही पुरत नाही, त्याला आपले मन कळलेले असावे लागते.

वतीने बोलण्याचा अधिकार कशातून येतो, या प्रश्नाला आपल्या देशात एका मुंबईच्या प्रकरणाने तोंड फोडले. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या मृत्यूपर्यंत, म्हणजे मे 2015 पर्यंत, त्याच रुग्णालयात जवळजवळ जाणीवशून्य अवस्थेत राहिल्या. त्यांचे जीवन थांबवू द्यावे, अशी विनंती लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने ती मान्य केली नाही. या प्रसंगी ज्यांचा शब्द मानावयाचा ती जवळची माणसे म्हणजे त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारा रुग्णालयाचा कर्मचारीवर्ग होय, असे न्यायालय म्हणाले. आणि त्या वर्गाला त्यांचे जीवन थांबवावयाचे नव्हते. निकालाविषयी मतभेद असू शकतात. अर्जदार लेखिकेचीही कळकळ खरी होती. परंतु एक तत्त्व त्यातून पुढे आले : बोलण्याचा अधिकार रक्ताच्या नात्यानेच किंवा सहानुभूतीनेच येतो असे नाही, तो रोजच्या सेवेतूनही येतो. आणि एक खंतही मागे उरली. ज्या तरुण मुलीविषयी हा सगळा विचार झाला, तिचे स्वतःचे म्हणणे काय होते, हे कोणालाच सांगता आले नाही. त्या काळी तसे सांगून ठेवण्याची सोयच नव्हती.

ती सोय पुढे झाली. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम साधनांनी जीवन लांबवू नये असे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. आरंभी त्या लेखावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांपैकी कोणासमोरही तो लेख साक्षांकित करता येतो आणि त्यात एकाहून अधिक नातलगांची वा पालकांची नावे देता येतात. हे मासिक वाचणाऱ्यांत राजपत्रित अधिकारी थोडे नाहीत. गुणपत्रिकांच्या नकलांवर ज्या हाताने आपण सह्या केल्या, त्याच हाताने कोणाच्या तरी अखेरच्या इच्छेवर सही करण्याचा प्रसंग आता आपल्यावर येऊ शकतो. तो कागद पुढे येईल तेव्हा शिक्का मारण्यापूर्वी समोरच्या माणसाला एवढे अवश्य विचारावे : यात ज्यांची नावे आपण घातली, त्यांच्याशी आपण बोललात काय?

नेमणुकीच्या वाटेत आपल्या मनातली एक भीती उभी असते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आले, आणि आप्पासाहेब बेलवलकरांची मुलांनी केलेली परवड तेव्हापासून मराठी घराघरांत इशारा म्हणून सांगितली जाते : जिवंतपणी हातचे सोडू नये. इशारा योग्य आहे. पण आप्पासाहेबांनी जे केले ते मुखत्यार नेमणे नव्हते. ते दान होते. मालकी देऊन टाकणे आणि मालकी आपल्याकडेच ठेवून कारभार सोपविणे, यांत मोठे अंतर आहे. (पुढे 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले दान सांभाळ न झाल्यास रद्द ठरविण्याची सोय केली, हेही येथे ध्यानात ठेवावे.) मुखत्याराच्या हातून गैरव्यवहार होणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही, पण आपल्या कचेऱ्यांत एक साधा नियम आहे, तो घरातही लावता येईल. खर्चाला मंजुरी देणारा आणि रक्कम काढणारा एकच नसावा. पैशाचा कारभार एकाकडे, उपचारांचा निर्णय दुसऱ्याकडे, आणि वर्षातून एकदा हिशेब पाहण्याचा हक्क तिसऱ्याकडे ठेवावा. यात कोणाचा अपमान नाही. उलट ज्याच्यावर भार टाकला त्याचे संशयापासून रक्षण होते. कारण अशा घरांत पैशांइतकेच, ‘तिने सगळे हाताखाली घातले’ हे नातेवाइकांचे वाक्यही नासधूस करून जाते.

आणि भार खरोखर मोठा असतो, हे नेमणाऱ्याने विसरू नये. आपण ज्याला निवडतो त्याला आपण मान देतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्या पुढील काही वर्षांची झोप मागून घेत असतो. म्हणून त्याला विचारल्यावाचून त्याचे नाव घालू नये, आणि त्याने नकार दिला तर मनात धरू नये. पुष्कळ घरांत हा भार न विचारताच सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर येऊन पडतो : सेवा तिची, सही भावाची. जिच्या हातून रोजचे जेवणखाण व्हावयाचे, तिच्या शब्दाला अधिकार नाही, ही व्यवस्था अरुणा शानबाग प्रकरणातील त्या तत्त्वाच्या अगदी उलट आहे. जो सांभाळणार त्यालाच बोलण्याचा अधिकार द्यावा; ज्याला अधिकार द्यावयाचा त्याने सांभाळाची वाट्याला येणारी बाजूही उचलावी.

परमुलुखात राहणाऱ्या आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा असे आढळते की, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची भाषा अखेरपर्यंत टिकते. तीस वर्षे हिंदीत कचेरी आणि बाजार केलेला, इंग्रजीत टिपणे लिहिलेला माणूस एके दिवशी आईच्या बोलीत, कोकणातल्या वा वऱ्हाडातल्या त्याच्या घरच्या शब्दांत, पाणी मागू लागतो. त्या वेळी त्याच्याजवळ कोण असेल? घरात मराठी बोलण्याचा आळस करून आपण जी मुले वाढविली, त्यांना ‘कळ लागली’ आणि ‘कळ काढ’ यांतला भेद कळेल काय? आपल्या संमेलनांत मातृभाषेच्या जतनावर ठराव होतात. त्यांत हे कारण मी कधी ऐकलेले नाही. मुखत्याराला आपली भाषा येत असावी, ही अट कोणत्याही कायद्यात नाही. ती आपणच आपल्या निवडीत घालावयाची आहे, आणि तशी निवड करता यावी म्हणून मुलांशी आजच मराठीत बोलावयाचे आहे.

कायदा पुरा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. संयुक्त खाती करता येतात. उपचारांविषयी लेख करता येतो. आपली मिळकत, देणी, वचने यांची यादी एका वहीत लिहून ती कोठे आहे हे दोघांना सांगता येते. पण या सगळ्याहून आधी करावयाचे काम आहे ते बोलण्याचे. मला काय सहन होईल, काय होणार नाही. कोणाचे ऋण माझ्यावर आहे. कोणत्या गोष्टीत तुम्ही माझे जुने मत पाळावे, आणि कोणत्या गोष्टीत ते खुशाल विसरावे. हे शेवटचे सांगणे फार अवघड आहे, कारण त्यात स्वतःवरची हुकमत थोडी सोडावी लागते. आपण लिहून ठेवलेल्या शब्दांपुढे पुढचा माणूस, मग तो आपणच का असेना, सक्तीने बांधला जावा, असा हट्ट कोणी धरू नये. एखाद्या संध्याकाळी पत्नीशी, भावाशी, वयात आलेल्या मुलीशी या विषयावर बसून बोलावे. आरंभी ती माणसे म्हणतील, काय हे अभद्र! तरीही बोलावे. पुढे कधी त्यांना आपल्यासाठी निर्णय घ्यावा लागला, तर तो चुकेल किंवा बरोबर येईल. पण तो त्यांनी अंधारात चाचपडून घेतलेला नसेल.